सुप्रभाच्या पुंगळ्या

“बाबा, चहा कुठे ठेवू? टेबलवर जागाच नाहीये,” भावना म्हणाली.

जागा खरंच नव्हती. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर टी-टॉवेल पसरून पुरुषोत्तमने काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उभ्या केल्या होत्या. जूनचं ऊन त्यांच्यावर सांडलं होतं आणि हा भला माणूस दुपारभर त्या उजेडाकडे बघत तंद्री लावून बसला होता.

उद्या बिस्लीच्या रेंजवर क्लबची मॅच. नेमबाजीत सगळी मदार सारखेपणावर. उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरता येतात, पण त्या एका वजनाच्या, एका जाडीच्या असतील तरच गोळ्या एका जागी जातात. त्याच्या स्वतःच्या पुंगळ्या तोंडाशी चिरू लागल्या होत्या. त्या त्याने बाद केल्या. उरल्या त्या सुप्रभाच्या. बायकोने काट्यावर एकेक तोलून, मेथी निवडावी तशा निवडलेल्या.

अडचण एवढीच, की पुंगळी ज्या रायफलमधून उडते तिच्या पोटाचा आकार घेते. या पुंगळ्या सुप्रभाच्या रायफलच्या मापाच्या होत्या, त्याच्या रायफलमध्ये अडकायच्या. आणि ती रायफल आता घरात नव्हती. सुप्रभा गेल्यावर लायसन्सच्या पोलिसाने अगदी सभ्यपणे विचारलं होतं, एकाच कॅलिबरची दुसरी कशाला हवी? एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या पुरुषोत्तमने कागदावर सही केली. रायफल डीलरकडे गेली.

“मग प्रेसमध्ये घालून दाबा ना. तुमच्या साइझला येतील.”

“येतील गं. पण मग तिच्या राहणार नाहीत.”

भावनाने कप खिडकीत ठेवला. “आईची रायफल गेली तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. आणि आता ब्राससाठी रडताय?”

“रडत नाहीये,” पुरुषोत्तम म्हणाला. तो रडत होता.

“आईने कधी मॅच मिस केली? माझ्या वेडिंगच्या वीकमध्ये पण गेली होती.”

“गेली होती. मेंदीच्या हातांनी जिंकून आली.” त्याला हसू फुटलं.

मग त्याने पुंगळ्यांना तेलाचं बोट लावलं आणि एकेक प्रेसमध्ये दाबली. पहिल्या वेळी दांडा जरा अडला, मग खाली आला. एखादी तशीच ठेवून द्यावी, असं मनात आलं. पण सुप्रभाला असला हळवेपणा खपायचा नाही. त्याने सगळ्या दाबल्या आणि रात्री त्यांत दारू नि गोळ्या भरून काडतुसं तयार केली.

दुसऱ्या दिवशी हजार यार्डांवरचं निशाण झळांमध्ये पाण्यात पडल्यासारखं डुलत होतं. तिच्या पुंगळीतलं काडतूस त्याच्या रायफलमध्ये अलगद बसलं. बोल्ट मिटला. पुरुषोत्तमला आत कुठेतरी फार रितं वाटलं. या चटईवर तो इतकी वर्षं पालथा पडून नेम धरत आला होता, आणि मागे बसून वारा सांगायची ती सुप्रभाच. नेमावरचा डोळा न काढता, सवयीने, त्याने विचारलं, “वारा किती गं?”

शेजारच्या चटईवरच्या गोऱ्या म्हाताऱ्याने मान वळवली. मराठी त्याला कुठली कळायला? पण हा प्रश्न त्याने इथे वर्षानुवर्षं ऐकला होता. त्याने पुरुषोत्तमच्या मागच्या मोकळ्या गवताकडे पाहिलं, आणि उत्तर येईपर्यंत आपली रायफल खाली ठेवून दिली.