पाटीपाशी थांबणारे

माणसं मला फारशी आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी एका कलादालनाच्या दाराबाहेर टांगलेली लाकडी पाटी. आत कोणी काय मांडलंय ते इंग्रजीत सांगायचं, एवढंच माझं काम. मला वाचून लोकांनी आत जावं अशी अपेक्षा असते. पण बरेचजण मला वाचतात, मान डोलावतात, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि चित्रं पाहिल्याच्या समाधानात घरी जातात. अशांचा मला मनापासून तिटकारा आहे.

मूळची मी कपाटाचं दार. कपाट मोडलं तेव्हा सुताराने मला तासलं, वर दोन कड्या ठोकल्या आणि मी दालनाच्या चाकरीला लागले. कपाटाला होते तेव्हा लोक मला उघडून आत तरी बघायचे.

दर आठवड्याला पेंटर येतो, जुन्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात मारतो आणि नवं नाव काढतो. माझ्या अंगावर काय काय लिहिलं गेलं, विचारू नका. एकाने चार हातपंखे आणि दोन उशा मांडून 'इंटरनॅशनल आर्ट फेस्टिव्हल' लिहून घेतलं. आंतरराष्ट्रीय एवढंच, की त्याचा मेहुणा परदेशात राहत होता. एका चित्रकाराने 'रेट्रोस्पेक्टिव्ह' लिहायला लावलं. म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन. त्याला अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं. नाव मोठं, लक्षण खोटं, आणि ते मिरवायला मी.

अशात एका बाईंनी दालन आठवडाभरासाठी घेतलं. बाई इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि उरल्या वेळात चित्रं काढली. दालनाच्या सेक्रेटरींनी विचारलं, "उद्घाटनाला पाहुणे कोण?"

"पाहुणे नकोत. माझा दादा आला की झालं."

"ते काय करतात?"

"इंग्रजीचा प्रोफेसर होता. आता घरीच असतो." बाई खिळे मोजत म्हणाल्या. "आमच्याकडे एकालाच शिकवणं जमणार होतं. तो हुशार. मी सातवीत शाळा सोडली. त्याचं काही नाही हो, तो शिकला ते बरंच झालं. फक्त माझी चित्रं त्यानं एकदा बघावीत. अजून एकही बघितलेलं नाही."

दारात लटकून मी हे सगळं ऐकलं. बाईंनी माझ्यावर 'पेंटिंग्ज एक्झिबिशन' लिहायला सांगितलं होतं.

दादा पहिल्याच दिवशी आले. कडक इस्त्री, खिशाला पेन, आणि चेहरा कायम कोणाचा तरी पेपर तपासत असल्यासारखा. दालनात पाऊल टाकणार, एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि पाऊल तिथंच थांबलं.

"पेंटिंग्ज एक्झिबिशन? हे कुठलं इंग्रजी?"

बाई आतून लगबगीने आल्या. "काय चुकलं, दादा?"

"नामापुढे नाम विशेषणासारखं वापरलं की ते एकवचनी ठेवतात. आपण शू शॉप म्हणतो. शूज शॉप म्हणतो का?"

"मग आर्ट्स कॉलेज कसं?" सेक्रेटरींनी मध्येच नाक खुपसलं.

"तो अपवाद."

झालं. दारात पाच-सहा रिकामटेकडे जमले. कोणी म्हणे 'शो' लिहा, कोणी म्हणे 'आर्ट एक्झिबिशन' सुटसुटीत. ज्यांना रेघ सरळ मारता येत नाही ते माझ्यावरून हिरिरीने भांडत होते. आत भिंतीभर चित्रं होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वाद संपला तसे दादा म्हणाले, "आधी हे नीट कर, मग येतो," आणि निघून गेले.

बाईंनी पेंटरला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी 'पेंटिंग एक्झिबिशन' झाले. दादा आले, थांबले, चष्मा पुसला. "व्याकरणाने बरोबर आहे. पण रंगकामाचं प्रदर्शन वाटतं. जणू भिंती रंगवणारे हात दाखवणार आहेत. सरळ 'एक्झिबिशन ऑफ पेंटिंग्ज' लिही." आणि परत फिरले.

तिसऱ्या दिवशी मी 'एक्झिबिशन ऑफ पेंटिंग्ज' होते. आता तरी हा बाबा आत जाईल, असं मलाही वाटलं. त्यांनी मला खालून वर, वरून खाली वाचलं. "सुरुवातीला 'ॲन' लावायचं की नाही, हा खरा प्रश्न आहे. घरी जाऊन बघतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शहाण्या माणसाला दारातून परत फिरायला कारण लागतं आणि ते मी पुरवत होते. माझ्यावर एकही चूक नसती, तरी त्याने माझ्या कड्यांवरच्या गंजावर बोट ठेवलं असतं. दीड वितीचा उंबरठा ओलांडायला घाबरणारा माणूस, आणि गाव त्याला सर म्हणतं. मला त्याची किळस आली.

बाई मात्र चिडल्या नाहीत. त्या बराच वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग पेंटरला म्हणाल्या, "दादाला चुका तेवढ्या दिसतात. मग चुकाच घालू. बसतील तेवढ्या घाल."

"पाटी बाहेर लावल्यावर लोक मला नावं ठेवतील, बाई."

"बाहेर नाही लावायची."

पेंटरने माझ्यावर लिहिलं, 'द आर्ट्स ऑफ पेंटिंग्ज एक्झिबिशन्स'. इतकी अब्रू माझी आजवर कोणी घालवली नव्हती. मग दोघांनी मला उचललं आणि आत नेऊन दालनाच्या अगदी शेवटच्या भिंतीवर टांगलं. बाईंनी भावाला फोन लावला. "दादा, पाटी बदललीय. मला खात्री वाटत नाही. तेवढी बघून जा."

चूक सापडेल म्हटल्यावर मुंगळ्याला गूळ दिसावा तसे दादा आले. दाराबाहेर नुसता खिळा. "पाटी कुठाय?"

"आत. शेवटच्या भिंतीवर," सेक्रेटरी म्हणाले.

दादांनी दारातून माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. अक्षरं लांबून लागेनात. नाइलाजाने ते आत शिरले. नजर माझ्यावर रोखलेली, आजूबाजूला बघायचं नाही असा निर्धार. दोन चित्रं ओलांडली. तिसऱ्यापाशी पाय अडखळला.

चित्रात फारसं काही नव्हतं. एक टेबल, त्यावर दिवा, आणि पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलाची पाठ. सदरा खांद्याच्या शिवणीत उसवलेला, त्याला वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने टाके घातलेले. चेहरा दिसतच नव्हता. मुलगा मागून काढला होता, तोही खालून, जमिनीवर बसलेल्या माणसाला दिसेल तसा.

"हा मी आहे," दादा म्हणाले.

"हो."

"टेबल आठवतं. दिवाही आठवतो." ते चित्राच्या आणखी जवळ गेले. "तू कुठे असायचीस गं?"

"तुझ्या मागे, दादा. रोज."

एका हाताने भिंत धरून, गुडघे कुरकुरत, इस्त्रीच्या पँटसकट दादा खाली फरशीवर बसले आणि तिथून मान वर करून स्वतःची पाठ बघत राहिले. थोड्या वेळाने बाईही शेजारी येऊन बसल्या.

मी समोरच होते. इतक्या चुका अंगावर घेऊन. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. सेक्रेटरींनी दिवे मालवायला घेतले तरी दोघं तिथंच होते. माझ्यापर्यंत दादा आलेच नाहीत.

आता माझ्यावर पुन्हा पांढरा हात फिरलाय. मी परत दाराबाहेर टांगलेली आहे आणि समोर नवे शहाणे उभे आहेत. 'शो' बरोबर की 'एक्झिबिशन' बरोबर, हे त्यांचं चाललंय. चालू दे. तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यासमोर वेळ घालवू नका. मी चुकीची असेन तर असू दे, पुढे व्हा. मी इतक्या प्रदर्शनांची नावं अंगावर वागवली, त्यात ज्या दिवशी मला कोणी वाचलं नाही, तेवढंच एक प्रदर्शन नीट पार पडलं.