दहातले कोणतेही सहा

पोस्टताईंचा पाय शुक्रवारी संध्याकाळी तडकला आणि शनिवारी सकाळी आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर वारला. संकटं कधी एकटी येत नाहीत, धाकट्या बहिणीला सोबत घेऊन येतात.

आई कृत्रिम पाय बनवते. पोस्टताई म्हणजे आमच्या भागात टपाल वाटणाऱ्या बाई. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. उरलेला भाग ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या कपाला तडा गेला होता. सोमवारी त्यांची खात्याची चाचणी होती: खांद्यावर पिशवी घेऊन जिने चढायचे, उतारावर चालायचं. नापास झालं की फिरती बंद, टेबलामागे बसून शिक्के मारायचे.

"त्यापेक्षा मलाच पाकिटात घालून पाठवा कुठंतरी," पोस्टताई म्हणाल्या.

आता कुणी म्हणेल, नवीन माप घ्या की. पण पहिल्या मापाचा कप कधी नीट बसत नाही. इथे टोचतो, तिथे फोड येतो. आई घासते, पुन्हा घालून बघते, पुन्हा स्कॅन करते. वर्षभराच्या घासाघाशीनंतर त्यांचा कप जमला होता. तडकलेल्या कपावरूनही माप घेता येत नाही, तो फाकलेला असतो. जमलेला आकार होता फक्त कॉम्प्युटरमध्ये, आणि वरच्या मजल्यावरच्या फुटक्या पाइपाने त्याला रात्रभर अंघोळ घातली होती.

आई ओल्या पेटीकडे बघत बसली होती. मी म्हटलं, "आई, माझे डबे."

"तुझे डबे," आई म्हणाली. हे ती नेहमी ज्या सुरात म्हणते, त्या सुरात नाही म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी मामाने आणि मी एक जाळं उभं केलं होतं. नातेवाईक, शेजारी, शाळा मिळून दहा ठिकाणी दहा छोटे डबे, म्हणजे इंटरनेटला जोडलेले, फाइली साठवणारे चिमुकले कॉम्प्युटर. आईची प्रत्येक फाइल आधी कुलूपबंद होते, मग तिचे दहा तुकडे होतात आणि एकेका डब्यात एकेक जाऊन बसतो. किल्ली, म्हणजे एक लांबलचक परवलीचा शब्द, आईकडे, त्यामुळे सांभाळणाऱ्याला ओ की ठो कळत नाही. दहातले कोणतेही सहा मिळाले की अख्खी फाइल परत उभी. कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अशा नोंदवहीत, जिची प्रत प्रत्येक डब्याकडे असते आणि जिच्यात कुणालाच गुपचूप खाडाखोड करता येत नाही. रोज प्रत्येक डब्याने तुकडे शाबूत असल्याचं सिद्ध करायचं. जो दुसऱ्यांचं सांभाळतो, त्याचं इतर सांभाळतात.

आमचा डबा फ्रीजवर. मिक्सर लावायचा असला की आई पहिला बळी त्याच्या प्लगचा द्यायची.

मी फोनवर जाळं उघडलं. चारच डबे जागे होते. भंगारात एक गेलेला, एक बिघडलेला, दोन डबेवाले घराला कुलूप लावून परगावी. उरले बंद पडलेले दोन. त्यातला एक कुलूपकाकांचा. ते किल्ल्या बनवतात. मी धावत त्यांच्या दुकानात गेले.

"काका, डबा का बंद केलात?"

"अगं, त्याचा दिवा सारखा डोळा मारतो माझ्याकडे. गिऱ्हाईक हसतं."

"मारू दे. तुमच्याकडे दुसरं कोण मारणार आहे?"

काकू मागून फिस्सकन हसल्या आणि त्यांनीच प्लग लावला. पाच झाले.

सहावा मामाचा.

मामा आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच काम करायचा. पाय कोरायचे की प्रिंटरवर छापायचे यावरून दोघांचं वाजलं, तेव्हा तो आपला डबा काखोटीला मारून गेला आणि चार गल्ल्या सोडून त्याने स्वतःचा कारखाना काढला. तेव्हापासून अबोला. मला वाटायचं त्याने डबा कधीच फेकून दिला असेल. नोंदी वर सरकवल्या आणि मी रस्त्यातच थांबले. मामाचा डबा एकही दिवस चुकला नव्हता. थेट या गुरुवारपर्यंत. शिवाय तो दर आठवड्याला स्वतःच्या फाइली जाळ्यात टाकत होता, आणि प्रत्येकीचा एक तुकडा आमच्या फ्रीजवर येऊन बसत होता.

गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. यंदा वादविवाद स्पर्धेत माझ्या हातातून माइक काढून घ्यावा लागला. म्हटलं, चला, कामी येईल.

मामा त्याच्या कारखान्यात एका कृत्रिम पायाचं पाऊल आणि नळी जोडणारा स्क्रू आवळत होता. "आईने पाठवलं?"

"मी आलेय. डबा लाव."

"का लावू? तुझी आई सगळीकडे सांगत फिरते, माझे पाय कुरकुरतात."

म्हणजे गुरुवारी हे कानावर आलं आणि साहेबांनी प्लग उपटला. राग नाकावरच ठेवलेला, दोघांच्याही. एकाच आईची लेकरं.

"कुरकुरतात का?"

"एक कुरकुरला होता," मामा स्क्रूकडे बघत म्हणाला. "तिला फोन करू दे. मग लावतो."

"मी निरोप्या नाही. आणि ऐक, डबा सात दिवस गप्प राहिला तर बाकीचे डबे त्या मालकाचे तुकडे टाकून देतात. नियम तूच लिहिलायस."

"धमकी देतेस?"

"नियम वाचून दाखवतेय. तुझे तुकडे आमच्या फ्रीजवर आहेत, मामा. आई रोज त्यांच्याखालून दूध काढते."

त्याचा स्क्रू आवळणारा हात थांबला. "तिला माहितीये?"

"नाही. पोस्टताईंचा कप तडकलाय. सोमवारी चाचणी आहे. पाच तुकडे आहेत, सहावा तुझ्याकडे."

मामाने हातातला पाय बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तडा मागून गेलाय ना? आतल्या बाजूने?"

"हो."

"तिथे प्लास्टिकचा पत्रा जाड ठेव म्हणून मी तेव्हाच ओरडत होतो. सांग तिला."

"तूच सांग."

त्याने सांगितलं नाही. पण उठला, कपाटाखालून डबा ओढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि प्लग लावला. दिवा लाल झाला, मग पिवळा. आम्ही दोघं उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होतो. हिरवा झाला तसा माझा फोन थरथरला. सहा.

घरी आईने शेजारून मागून आणलेल्या लॅपटॉपवर किल्ली टाकली. पडद्यावर कप हळूहळू उभा राहिला, वर्षभराच्या सगळ्या खाचाखोचांसकट. आई बोट टेकवून एकेक खाच मोजत असल्यासारखी बघत राहिली.

"सहावा कुठून आणलास?"

"मामाकडून. त्याचंही सामान आपल्याकडे आहे. फ्रीजवर. दोन वर्षं."

आईने मान वळवून डब्याकडे पाहिलं. मग कोरायचं मशीन सुरू केलं. साचा निघाल्यावर तिने प्लास्टिकचा पत्रा भट्टीतून काढला, आणि मी बघितलं, नेहमीपेक्षा जाड होता. मी तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," आई म्हणाली.

रविवारी पोस्टताई आमच्या जिन्यावर खाली-वर करत होत्या. आधी कठड्याला धरून, मग न धरता, मग माझं पुस्तकांनी भरलेलं दप्तर खांद्याला लावून. "यात दगड भरलेत का गं?" त्या वरून ओरडल्या. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. मागून रहदारीचा आवाज येत होता, कारण त्या फिरतीवर होत्या.

आई आणि मामा अजून बोलत नाहीत. पण त्या संध्याकाळी आमच्याकडे आलेली मावशी मिक्सर लावायला म्हणून फ्रीजमागे हात घालायला गेली, तर आईने तिचं मनगट धरलं.

"तो प्लग नाही. दुसरा शोध."

आता त्या प्लगच्या बटणावर जाड चिकटपट्टी आहे. ती मी लावलेली नाही.