भिंतीवरचा फार्मासिस्ट

आमच्या या नव्या गावात औषधांची दुकानं तीन आहेत. पहिलं मुख्यतः मोबाइलची कव्हरं विकतं. दुसऱ्यात साबण आणि शाम्पू मिळतात, आणि फारच हट्ट धरला तर डोकेदुखीची गोळी. तिसरं खरोखर औषधांचं आहे, म्हणून मी तीन दिवस त्याच्याच पायऱ्या झिजवल्या.

मला फार्मासिस्ट हवा होता. बाबांना वीस दिवसांपासून चक्कर येत होती आणि सोमवारी ते बाथरूममध्ये पडले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मी म्हटलं, वय जुनं आहे, चक्कर नवी आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चक्कर मीच आणली असावी, आणि ताकदीची एक गोळी वाढवली. डबीच्या सकाळच्या खणात आता सहा गोळ्या झाल्या. डबी भरायचं काम माझं. या सहा जणींचं आपसात पटतं का, एवढंच मला कुणा जाणत्या माणसाला विचारायचं होतं. बाबा पुन्हा पडले तर टेंगळावर भागणार नाही, या धास्तीनं मी बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसायला लागले होते.

"फार्मासिस्ट आहेत का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"आहेत ना," दुकानदार म्हणाला. "जेवायला गेलेत."

तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी चारला गेले, तर अजून जेवतच होते.

हा दुकानदार तसा वाईट माणूस नाही. त्याच्याकडे कुठलंही औषध नसतं, पण प्रत्येक औषधाचा भाऊ असतो. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी बाबांना नवी चिठ्ठी दिली, ती मी त्याच्याकडे नेली, तेव्हा तो म्हणाला होता, "हे नाव आमच्याकडे येत नाही. हा घ्या, सख्खा भाऊ." मी भाऊ घरी आणला आणि डबीत इतरांच्या शेजारी बसवला.

घरी परतताना जिन्याखाली नेहमीप्रमाणे चौकशी खिडकी उघडी होती. हे मी ठेवलेलं नाव. घरमालकांचे सासरे, डोक्यावर एक केस नाही, दिवसभर जिन्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा जबाब घेतात. कुठे निघालात, काय आणलंत, उशीर का झाला. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "बाबांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? पाकिटं दाखवा बघू." मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" बाबा वर येऊन म्हणाले, "दाखव की गं, तेवढाच त्यांचा वेळ जातो." त्यांचा वेळ घालवायला आपली औषधं नाहीत, असं मी ठणकावलं होतं. दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"आज पण रिकाम्या हातानं?" खिडकीनं विचारलं. मी न थांबता जिना चढले.

तिसऱ्या दिवशी मी दुकानातल्या बाकावर ठाण मांडलं. "इतकं जेवणारा माणूस मला बघायचाच आहे," मी म्हटलं.

अर्ध्या तासानं दुकानदार वैतागला. त्यानं बोट वर केलं. कपाटावर धुळकट काचेची एक फ्रेम होती. फ्रेममध्ये प्रमाणपत्र, आणि कोपऱ्यात दाट केसांच्या, झुपकेदार मिशांच्या एका तरुणाचा फोटो.

"हे बघा. फोटोसकट आहेत."

"बोलतात का?"

"अहो ताई, पाच वर्षं झाली, त्यांनी दुकान मला विकलं. फ्रेम तेवढी राहिली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "फारच अडलं असेल तर घरी जा त्यांच्या. नाही म्हणायचे नाहीत. पोस्टाच्या मागची गल्ली, हिरवं फाटक. जिन्याखाली खुर्चीवर बसलेले दिसतील." मी उठले, तशी त्याला माझी काळजी वाटली असावी. "वरच्या मजल्यावर एक बाई राहते म्हणे, भयंकर फटकळ. तिच्या नादी लागू नका."

"नाही लागणार," मी म्हटलं.

आमच्याच हिरव्या फाटकातून आत गेले तेव्हा ते खुर्चीवरच होते. काही विचारायच्या आत मी वर गेले, डबी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळी पाकिटं पिशवीत भरली आणि खाली येऊन त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाकिटं एकेक करून डोळ्यांजवळ नेली. दोन पाकिटं बाजूला काढून माझ्यासमोर धरली.

"मोठी नावं सोडा. खालची बारीक अक्षरं वाचा."

मी वाचली. दोन्हीकडे एकच नाव होतं. "पण दुकानदार तर म्हणाला, हा भाऊ आहे," मी म्हटलं.

"हा भाऊबिऊ काही नाही. तुमच्या जुन्या रक्तदाबाच्या गोळीनंच दुसरा शर्ट घातलाय. डॉक्टरांनी जुनीच गोळी दुसऱ्या नावानं लिहिली, दुकानातून तिसऱ्या नावाची आली. बाबा रोज दुप्पट घेतायत. चक्कर नाही येणार तर काय?" त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याकडून एक गोळी बंद करवून घेतली, आणि ते पाकीट माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकलं.

मी पुस्तकांची प्रुफं वाचते. बारीक अक्षरं वाचण्यावर माझं पोट आहे. डबी महिनाभर मी भरत होते.

"मी तुम्हाला तेव्हा फार तोडून बोलले," मी कसंबसं म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "मी ऐकलं सगळं."

ती गोळी बंद झाल्यावर चौथ्या दिवशी बाबा कठड्याला धरून स्वतः जिना उतरले. खाली आता दोन खुर्च्या असतात. मी बाहेर पडताना दोघंही मान वर करतात.

"कुठे निघालात?"

मी थांबते, आणि सगळं सांगते.