बदलीची फुंक

तपासणीच्या नळीत फुंकून धाकू मेस्त्रीला मिळवायचं होतं ते असं: बफिंग खात्यातून सुटका, स्टोअरमधली लाकडी खुर्ची आणि रात्रभर आडवं पडून झोप. विक्रोळीच्या कारखान्यात नळांना चकाकी आणता आणता नऊ वर्षांत त्याच्या छातीत दमा शिरला होता. कंपनीनं ठरवलं होतं, ज्याचा दमा तपासणीत दिसेल त्याला धुळीतून हलवायचं. पण धाकूचा दमा लबाड. रात्री बायकोला, मालनला, उठवून बसवायचा आणि डॉक्टर दिसला की गप्प.

"ऐन वेळी छाती साफ निघाली तर वाट लागली ना," तो मधुकरला म्हणाला.

मधुकर शेजारच्या मशीनवरचा. दिवसाला दोन बंडल विड्या आणि खोकला असा, की फोरमनसुद्धा वळून बघायचा. "मी फुंकतो रे तुझ्या नावानं. तू माझं हजेरीचं कार्ड पंच करतोस, मी तुझी फुंक मारतो. त्यात काय?"

कार्डांचा व्यवहार सहा वर्षं बिनबोभाट चालला होता. धाकूला पटलं.

घाटकोपरच्या दवाखान्यात मधुकर धाकू झाला आणि धाकू मधुकर. जिन्यातच मधुकरनं विडी पेटवली. "छाती जरा वाजायला पाहिजे यार."

रत्नप्रभा डॉक्टरांनी त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. "फुंका! अजून, अजून, सगळं बाहेर!" कागदावर सुई जेमतेम चढली. मग औषधाच्या पंपाचे तोंडात दोन फवारे, वीस मिनिटं बसणं, परत फुंक. रेघ होती तिथंच.

"हा दमा नाही," बाई म्हणाल्या. "दम्यात औषधानं छातीतल्या श्वासाच्या नळ्या उघडतात. तुमच्या मोठ्याही हलल्या नाहीत, बारीकही नाहीत. विडी सोडा, धाकू."

जन्मात विडीला हात न लावलेला खरा धाकू बाकावर दचकला. जिन्यातला धूर छातीत होताच. आता ती शीळ घालायला लागली.

"हे कोण?"

"मधुकर. आमच्याच खात्यातला," मधुकर म्हणाला.

"या, तुम्हीही फुंका."

नाही म्हणायला धाकूकडे श्वास नव्हता. पहिल्या फुंकीत मोठ्या नळ्या बऱ्या, बारीक पार मिटलेल्या. पंपानंतर रेघ अशी वर गेली की बाई खूश. "बघा, बारीक नळ्या कशा उघडल्या! हा अस्सल दमा. तुम्हाला हलवायलाच हवं. कारखान्यातला टोकन नंबर?"

धाकूची छाती कधी नव्हे इतकी मोकळी झाली होती आणि डोक्यात नुसता गोंधळ. दमा ठरला ना? ठरला. पण कुणाचा? खरं सांगावं तर दोघांची नोकरी जाणार. त्यानं मधुकरकडे पाहिलं. मधुकर पंख्याकडे पाहत होता. शेवटी धाकूनं मधुकरचा नंबर सांगितला.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आता दमेकरी कोण?"

"कागदावर मी."

"आणि विड्या ओढतो कोण?"

"कागदावर तू."

"मग मी सोडू काय, कपाळ?"

मधुकरनं नवी विडी पेटवली.

पहिल्या तारखेला मधुकर स्टोअरमध्ये बसला. पंपाची चिठ्ठी त्याच्या नावची. ती त्यानं इमानानं धाकूला आणून दिली. त्याच्या स्वतःच्या, न उघडणाऱ्या नळ्यांकडे मात्र कुणी बघणार नव्हतं; त्या धाकूच्या नावावर होत्या. त्याला पडलेली किंमत ती. धाकूची खुर्ची गेली, वर बफिंगची धूळ तशीच राहिली. शिवाय घरी धाकूच्या नावचा, 'विडी सोडा' लिहिलेला तपासणीचा कागद मालननं शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला, आणि चोरून विड्या ओढल्याबद्दल तीन दिवस बोलणं टाकलं, तेही त्याच्याशीच.