वलगावच्या शेंदरी मलखांबाची कैफियत

मित्रांनो, मी वलगावच्या आखाड्यातला एक जुना मलखांब आहे. मल्लांनी अंग कमवायचा खांब, म्हणून मलखांब. मेळघाटच्या सागातून सुताराने मला गुळगुळीत घडवले, वर मान काढली, मानेवर बोंड ठेवले. वस्ताद महादेवराव रोज मला एरंडेल चोळत आणि पोरे माझ्या अंगाला विळखे घालून उलटीसुलटी होत. त्यांत खुशाल सगळ्यांत चपळ. अमरावतीच्या सामन्यांसाठी वस्तादांनी त्यालाच निवडले होते.

तेवढ्यात चैत्र आला आणि आखाड्याच्या पटांगणात कीर्तन ठरले. बुवा अकोल्याच्या जुन्या शहरातले. आवाज असा, की टाळकऱ्याने टाळ वाजवायचे विसरावे. प्रल्हादाचे आख्यान रंगले. देव या खांबातही आहे, म्हणत बुवांनी नेमकी माझ्यावरच थाप मारली. माझे सागाचे काळीजही भरून आले. पण सकाळी खुशालची आई पार्बताबाई वाटी घेऊन आली आणि मला मानेपासून बुडापर्यंत शेंदूर फासून गेली. झाले, मी देव झालो.

आता देवाला पाय कोण लावणार? वस्तादांनी परोपरीने सांगून पाहिले. पार्बताबाईचे एकच, "माह्या पोरानं देवाच्या डोक्यावर उभं राहावं काय, वस्ताद?"

खुशाल लांबूनच हात जोडी आणि कडुनिंबाच्या खोडावर सराव करी. त्या खरबरीत खोडाने मांड्या सोलून निघत. मी मात्र नारळाचे पाणी अंगावर घेत, मुंग्या सोसत नुसता उभा. असा संताप येई, पण खांबाला तोंड कुठले? अमरावतीला खुशाल पहिल्याच उडीत घसरला. परतल्यावर आखाड्याकडे फिरकलाच नाही.

पुढच्या चैत्रात बुवा पुन्हा आले. मला पाहून थबकले. वस्ताद तडकून म्हणाले, "तुमच्या देवानं आखाड्याले कुलूप लावलं, बुवा."

त्या संध्याकाळी बुवांनी पुन्हा प्रल्हादच लावला. मध्येच चिपळ्या थांबवून त्यांनी पार्बताबाईला विचारले, "बाई, खांबातून देव कोनासाठी बाहेर आला?"

"लेकरासाठी."

"मंग तुमी लेकरालेच खांबापासून दूर काहून ठेवलं?"

सकाळी पार्बताबाई आली ती एरंडेलाची वाटी घेऊन. डोळे पुसत तिने मला पुसले आणि खुशालला हाताला धरून माझ्यापुढे उभे केले. "चढ," एवढेच म्हणाली. वर्षभर सुटलेले अंग ते. तो घसरला, पुन्हा चढला.

मित्रांनो, चढण्याआधी मला जरूर नमस्कार करा. पण नमस्कार करून परत फिरू नका. माझ्या भेगांत अजून शेंदूर उरला आहे. तो निघायला नुसते एरंडेल पुरत नाही, तुमचे अंगच घासावे लागते.