शोभेचं तेल

नाण्याएवढी गोल काच. काचेमागे मधाच्या रंगाचं तेल, काठोकाठ.

फळीवर तेलाचा दुसरा डबा, सील न तोडलेला.

काड्यापेटीएवढी लोखंडी पट्टी, दोन स्क्रूंनी आवळलेली.

दोरीवर पाच मोजे, एकाचाही जोड नाही.

घाटाच्या पलीकडच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, कठडा नाही.

"ताई, गाडी कुठाय?"

हे विचारलं मामाने. कागदात गुंडाळलेलं बेअरिंग हातात धरून तो आपल्याच वर्कशॉपच्या दारात उभा होता. बहीण शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटा धरूनच ती म्हणाली, "छोटी घेऊन गेली. किल्ली मीच दिली. म्हणाली, मामाचा उद्या काही उजाडत नाही."

छोटी म्हणजे बहिणीची मुलगी. मामापेक्षा वीतभर उंच, नोकरीला लागून बरीच वर्षं झालेली, पण लहानपणी नाव पडलं ते पडलं.

"कुठे गेली?"

"घाटापलीकडे. जुन्या गाड्यावाले जमणारेत ना. दिवसभर धूर काढतील आणि एकमेकांची तारीफ करतील. तुझेच भाऊबंद."

मामा हसला नाही. त्याची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. सील तसंच होतं.

गाडी म्हणजे मातीत, खडकात पळवायची मोटारसायकल, टू-स्ट्रोक, वयाने भाचीहून मोठी. एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये, खाद्याच्या पोत्यांखाली ती दोघांना सापडली होती. भाचीने पोती उचलली, टाकीवरची धूळ बाहीने पुसली आणि मालकासमोरच "मामा, हीच!" असं ओरडून घासाघीस करायची सोयच ठेवली नाही. मग मामाने सिलिंडर घासला, पुढचे शॉकअब्सॉर्बर लांब केले, पोट फुगलेला नवा सायलेन्सर वाकवून बसवला. आणि तेलाचा पंप काढून टाकला.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलसोबत. या गाडीत सीटखाली तेलाची वेगळी टाकी होती, आणि एक छोटा पंप त्यातलं तेल थेंबथेंब इंजिनात सोडायचा. असल्या जुन्या पंपांवर मामाचा काडीचा भरवसा नव्हता. तो पंप काढायचा, भोकावर पट्टी मारायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, आता पेट्रोलमध्ये तेल हाताने मिसळायचं, दर वेळी, न विसरता. सोबत तेलाची टाकीही काढायचा. सीटखाली रिकामी जागा दिसली की विसरभोळ्यालाही आठवण होते.

या एकाच गाडीची टाकी त्याने ठेवली. भाचीला गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसायला हवी होती. रिकामी टाकी ठेवली तर तेल दिसायची गोल काच आंधळ्या डोळ्यासारखी दिसायला लागली, म्हणून मामाने तीत तेल ओतलं. नुसतं शोभेला. संध्याकाळी छोटी आली की सांगू, म्हणाला होता स्वतःशी.

पेट्रोलच्या टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल होतं जेमतेम दोन बोटं. ते घाटाच्या पायथ्यापर्यंत पुरेल. पायथ्याला पेट्रोल पंप आहे.

त्याने फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

"काय झालं रे?" बहिणीने तोंडातला चिमटा काढला.

"काही नाही. एक नट सैल राहिलाय वाटतं. बघून येतो."

"नटासाठी एवढा घाम? थांब, मीही येते."

"तू कशाला—"

"व्हॅनचं दार उघड."

*

तेल तुटलं तरी इंजिन लगेच जाम होत नाही. आधी उरलंसुरलं तेल सिलिंडरच्या अंगाला चिकटून राहतं आणि गाडी मजेत पळते. उलट जरा हलकीच वाटते. चालवणारा खूश होतो.

*

"हळू चालव. आपणच दरीत जाऊ."

"हळूच चालवतोय."

"लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. अजून होतात. गाडीचे ब्रेक नाहीत का?"

"ब्रेक आहेत, ताई."

"मग काय नाही?"

मामाने गिअर बदलला.

*

पायथ्याच्या पंपावरच्या बाईने नळी अडकवत आठवून सांगितलं. "लाल हेल्मेट? हो, गेली की मघाशी. टाकी फुल्ल केली. मी म्हटलं, हिला तेल लागतं ना गं, देऊ का? तर उतरली, सीटखाली वाकून काच बघितली आणि म्हणाली, भरपूर आहे."

"बघ," व्हॅनमधून बहीण म्हणाली, "शहाणी आहे माझी पोर. तेलसुद्धा बघितलं."

मामा स्टेअरिंगवर बसला. त्याने तळवे मांडीला पुसले.

*

चढावर धोका कमी. मूठ पिळलेली असते, पेट्रोल सढळ जातं, त्यातलं पातळ झालेलं तेलही थोडंफार जातं. खरा धोका उतारावर. मूठ सोडली की पेट्रोल बंद, म्हणजे जे काय तेल येत होतं तेही बंद; आणि चाक मात्र इंजिनाला फिरवतच राहतं. कोरडा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. मग मागचं चाकही फिरायचं थांबतं. चालवणाऱ्याने त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं. दाबला तर.

*

घाट चढताना मामा प्रत्येक वळणावर लाल रंग शोधत होता. एक लाल दिसलं, ती कुणाची तरी बादली होती. चढावर गाडी बंद पडावी, चढावरच बंद पडावी, असं तो पुटपुटत होता. पोर रस्त्याकडेला बसून आपल्याला शिव्या घालत असावी. मनसोक्त घालाव्यात.

माथा आला. माथ्यावर कुणी नव्हतं.

बहिणीने खिडकीची काच खाली केली आणि हवेत जळकट तेलाचा वास आला. दोघांनाही आला.

"हा तुमच्या गाड्यांचा वास ना?"

"हो."

"म्हणजे जवळच आहे ती."

पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर एक काळी रेघ सुरू झाली. टायरची. आधी सरळ, मग सापासारखी, मग पुन्हा सरळ आणि डावीकडे. डांबर संपलं तिथे ती मातीत शिरली आणि कडेच्या गवतात दिसेनाशी झाली.

मामाने व्हॅन थांबवली. दार उघडायचं म्हणजे काय करायचं हेच त्याला सुचेना.

"ताई," तो म्हणाला, "त्या टाकीतलं तेल इंजिनात जातच नव्हतं. पंप मी काढला होता. तेल दिसायला बरं म्हणून भरलं. तिला सांगितलं नाही."

बहीण त्याच्याकडे वळली. त्याला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसायला हवी होती. ती फक्त म्हणाली, "दिसायला?"

मग ती उतरली आणि चपला हातात घेऊन रेघेच्या बाजूबाजूने चालू लागली, रेघेवर पाय पडू न देता. कडेला पोचल्यावर तिने हाक मारली. छोटे. घरातून जेवायला बोलवावं तशी.

खालून काहीच आलं नाही.

मामा कसाबसा तिच्यामागे गेला. खाली झुडपं होती, मोडलेली. त्यांच्यामध्ये सायलेन्सरचं फुगलेलं पोट चकाकत होतं आणि त्यातून अजून थोडा निळा धूर निघत होता. बहिणीने पदर खोचला आणि बसत-घसरत खाली उतरायला सुरुवात केली. "तू ये," वर न बघता ती म्हणाली, "किंवा येऊ नकोस. पण कुणाला तरी फोन कर."

फोनला रेंज नव्हती. त्याने फोन खिशात टाकला, गवताचा झुबका घट्ट धरला आणि पाय खाली सोडला.

पुढच्या हिवाळ्यात, मोडलेलं डावं मनगट सरळ झाल्यावर, भाचीने तशीच आणखी एक गाडी घेतली आणि तिच्या इंजिनाचं सगळं काम दुसऱ्या मेकॅनिककडून करून घेतलं.