सोनूची अडलेली गोष्ट

आर्णीजवळच्या तांड्यावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लखीराम बाबाने लिंबू कापलं आणि त्यातून लालभडक रस ओघळला.

"पाह्यलं? पोरीच्या जिभेवर डाकीण बसून शब्द खाऊन राह्यली! माह्या मंत्रानं तिचं रगत निघालं!"

बायांनी पदर तोंडाला लावले. जयाने लेकीला जवळ ओढलं. तिची सोनू दुसरीत होती. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. वर्गात गोष्ट सांगताना ती "मग वाघ... वाघ ना... तो मग..." अशी अडायची आणि पोरं हसायची. शेजारणी म्हणाल्या, करणी आहे. म्हणून जया तिला बाबापुढे घेऊन आली होती.

"माह्यासंगं म्हण," म्हणत बाबाने आरती धरली. सोनूने त्याच्या सुरात सूर मिळवून अख्खी आरती न अडता म्हटली. एकच जयजयकार झाला.

सोमवारी वर्गात गोष्ट पुन्हा अडली.

"डाकीण चिवट हाय," जया तिला पुन्हा घेऊन गेली तेव्हा बाबा म्हणाला. त्याने चांदीची सळई तापवली. "पोरीचे हात धर."

जयाने धरले.

"याडी! याडी!" आईला हाक मारत सोनू किंचाळली. त्यानंतर ती बोललीच नाही.

चौथ्या दिवशी तिच्या शिक्षिका मधुवंतीबाई घरी आल्या. सोनूची भाजलेली जीभ पाहून त्यांनी जयाला सगळं विचारून घेतलं. "डाकीण-बिकीण काही नसतं," त्या म्हणाल्या.

"पण बाई, आरती तं तिनं घडाघडा म्हटली होती," जया रडत म्हणाली.

"आरती पाठ होती, जया. वर बाबाही सोबत म्हणत होता. गोष्ट मात्र स्वतः रचावी लागते. मराठी शब्द शोधायला ती थांबायची. दोन भाषा शिकणारी कितीतरी लेकरं अशी थांबतात. तो रोग नाही. मागच्या महिन्यात तिनं मला गोरबोलीत गोष्ट सांगितली. मला निम्मी कळली नाही, पण ती फारशी अडली नाही."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

बाईंची मान खाली गेली. "सांगायला हवं होतं. मला त्यात काळजीचं काही वाटलंच नाही."

"अन् लिंबातलं रगत?"

बाईंनी जास्वंदीचं फूल सुरीवर खसाखसा चोळलं, पातं वाळू दिलं आणि लिंबू कापलं. फुलाचा रंग आंबट रसात उतरला आणि फोडी लाल झाल्या.

जयाने तीच सुरी तांड्याच्या मधोमध नेली आणि सगळ्यांसमोर लिंबू कापून दाखवलं. मग सोनूला कडेवर घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. तांड्यातल्या बायाही मागोमाग आल्या.

"हात कोणी धरले होते?" जबाब लिहिताना हवालदाराने विचारलं.

"म्या. लिहा."

ठाण्यात येण्याआधी तिने सोनूला दवाखान्यात दाखवलं होतं. जिभेची जखम भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. बोलण्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

बाहेर येऊन जया बायांना म्हणाली, "लेकरू बोलता बोलता अडलं तं कोण्या बाबाकडे नेऊ नोका. त्याच्यापाशी बसा. त्याले शब्द सापडू द्या. डॉक्टरले इचारा, बाईले इचारा. माही सोनू आता अडतसुद्धा नाही, बायांनो."